कमी फ्रेटची गिटार

नझीरचाचा चहा बशीत ओतून पीत. बशी संपली की कपात उरलेला घोट तसाच ठेवत, आणि कप कोरडा करणाऱ्याला हावरट म्हणत. टेम्पो दारातून काढताना एक हॉर्न देत, गल्लीच्या टोकाला दुसरा. पहिला रस्त्यासाठी, दुसरा बायकोसाठी. फोनवर उभं राहून बोलत. समोरचा माणूस जितका मोठा, तितके लांब चालत जात. बिरवाडीच्या कारखान्यातून मॅनेजरचा फोन आला की थेट नाक्यापर्यंत जाऊन येत. वाद हरले की "जा, दिला सोडून" म्हणत आणि चहा झाल्यावर तोच वाद पहिल्यापासून सुरू करत.

दिसेल ती वस्तू बोटाच्या पेराने ठोकून बघत. फणस, कलिंगड, माठ, दुसऱ्याच्या नव्या घराचा दरवाजा. डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकत. मग निवडत. त्यांनी निवडलेला फणस कधी गोड निघाला, असं कोणाला आठवत नाही.

आणि त्यांची गाठ. टेम्पोवर माल चढला की दोरी ते स्वतः आवळत. दुसऱ्याला हात लावू देत नसत. आंबेनळी घाटाची सगळी वळणं उतरून आलं तरी ती गाठ सैल व्हायची नाही. हीच गाठ ते कांद्याच्या पिशवीला मारत, डब्याच्या फडक्याला मारत, पायजम्याच्या नाडीलाही मारत. हे शेवटचं बिल्किसचाचींनी सांगितलेलं. चाची ती गाठ सोडवायच्या फंदात पडत नसत. सरळ सुरी घेत.

विपुल त्यांच्या घरामागच्या खोलीत भाड्याने राही. पोलादपूरच्या पुढे एका वाडीत त्याचं घर. मराठी साहित्य घेऊन बी.ए. झालेला, महाडात एका खाजगी क्लासमध्ये शिकवणारा. खोली बघायला आला त्या दिवशी चाचांनी विचारलं होतं, "शिकलास काय?"

"साहित्य."

"मंग आपण एकाच धंद्यातले. मीपण साहित्यच वाहतो." आणि टेम्पोवरची पाटी दाखवली. 'बांधकाम साहित्य वाहतूक.'

तेव्हापासून विपुल त्यांचा मास्तर. त्याला जेवायला हाक मारत, बाजारात नेत, वादात साक्षीदार म्हणून उभा करत. विपुलने साक्ष उलटी दिली तरी त्यांचा राग बशीभर चहापुरताच टिके.

चाचांना एकच दुःख होतं, आणि ते त्यांनी विपुलला एकदा अगदी खालच्या आवाजात सांगितलं होतं. त्यांनी बायकोसाठी आणलेली एकही वस्तू तिने ठेवून घेतली नव्हती. कुकर आणला, मोठा झाला, परत गेला. साडी आणली, रंग उठून दिसत नाही म्हणून परत गेली. दोघं कुवेतला राहत तेव्हा घड्याळ आणलं, ते गावी आल्यावर नणंदेच्या हातावर गेलं. चाची कधी भांडत नसत. वस्तू बघत, हसत आणि एवढंच विचारत, "पिशवी फाडली नाय ना?"

दुकानाची पिशवी म्हणजे परतीचं तिकीट. चाचा या प्रश्नाला टेम्पोच्या ब्रेक फेलपेक्षा जास्त घाबरत.

तर एका संध्याकाळी तिघं जेवत होते. चाचींच्या मोबाइलवर कुठलीशी मुलगी गिटार वाजवत होती. चाची म्हणाल्या, "कुवेतला आपल्या वरच्या माळ्यावर ती गोव्याची नर्स होती बघा. तिच्याकडे हे होतं. एकदा मांडीवर दिलं होतं मला. मला शिकायचं होतं तेव्हा."

"मग शिकला का नाहीत?" विपुलने विचारलं.

"हे बोलले, गावाला गेल्यावर बघू." आणि त्यांनी माशाचा काटा काढला.

चाचा खाली मान घालून जेवत राहिले. सकाळी मात्र विपुलच्या दारावर पेराने ठोकल्याचा आवाज आला.

"मास्तर, उठ. ती परत करणार नाय अशी वस्तू सापडली."

महाडच्या बाजारात दत्तारामांचं दुकान आहे. पखवाज, टाळ, पेटी, ढोलकी. दारावर पाटी 'सर्व प्रकारचे भजनी साहित्य मिळेल.' चाचा पाटीखाली थांबले.

"बघ, इथंपण साहित्य. तुला आन मला घरी आल्यासारखंच."

दत्ताराम गल्ल्यावर डुलकी काढत होते. त्यांची मुलगी सोनाली पुढे आली. ती स्वतः गिटार वाजवायची. मागच्या भिंतीवर चारपाच टांगलेल्या होत्या.

"कोणासाठी हवी काका?"

"हाय एक माणूस. नवशिकं."

"वय काय?"

चाचांनी पखवाजाकडे बघितलं. "वय... जरा पक्कं."

"बोटं कशी आहेत? लहान, मोठी?"

"भाकऱ्या थापणारी."

"चाचींसाठी हवी आहे," विपुल म्हणाला.

"तू गप. तुला साहित्यासाठी आणलाय."

सोनालीने हसू दाबलं आणि पहिली गिटार काढली. काळी, चकचकीत. तिचा एक खांदा आत कोरलेला होता. चाचांनी हातही लावला नाही.

"ह्यो माल फुटका हाय."

"फुटका नाही काका. खालच्या टोकापर्यंत हात पोचावा म्हणून तिथे कापलेलं असतं."

"पोचल्यावर बघू. एका खांद्याचा माल मी आजवर उतरवून घेतला नाय."

दुसरी गिटार सोनालीने स्वतःच नाकारली. "हिची ॲक्शन जास्त आहे. नवीन माणसाला नको."

"बरोबर बोललीस," चाचा म्हणाले. "आपलं माणूस शांत हाय."

ॲक्शन म्हणजे तारा आणि खालची पट्टी यांच्यातली उंची, तारा फार वर असल्या की दाबताना बोटं सोलतात, हे सोनालीने समजावून सांगितलं. चाचांनी ते नीट ऐकलं. मग तिसरी गिटार उचलली, डोळे मिटले आणि पेराने ठोकली. पुन्हा ठोकली.

"आतून पोकळ हाय गो."

"पोकळच असते काका."

"मंग इतका दाम कशाचा लावलाय?"

विपुल दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला. हसणं आवरलं तेव्हा परत आत आला. आत वेगळाच वाद पेटला होता.

"हिला वीस फ्रेट आहेत," सोनाली सांगत होती. "आणि ही दुसरी आहे ना, तिला एकोणीस."

चाचांच्या कपाळावर आठी. टेम्पोवाल्याच्या आयुष्यात फ्रेट या शब्दाला एकच अर्थ. माल नेण्याचं भाडं.

"दोन्ही एकाच गाडीतनं आले ना?"

"हो, बाबांनी एकदमच मागवल्या."

"मंग एकाला वीस आन दुसऱ्याला एकोणीस कसं? फ्रेट माणूस बघून लावतात काय?"

"नाही काका, बनावट वेगळी असते ना."

"बनावटीवर फ्रेट लागत नाय पोरी. वजनावर लागतं. आन अंतरावर."

"अंतरावरच तर असतं!" सोनालीला वाटलं, काकांना थोडं कळतं. "हे बघा, या पट्टीपासून त्या पट्टीपर्यंत किती अंतर, त्यावरच सगळा सूर."

चाचांनी विपुलकडे विजयी नजरेने बघितलं. अंतरावरच असतं, हे त्यांनी तिच्या तोंडून वदवून घेतलं होतं. विपुलला दोघांचाही घोटाळा कळला होता. ती गिटारीच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्या मोजत होती, चाचा गाडीचं भाडं. त्याने तोंड उघडलं नाही. असा संवाद पुस्तकातही सापडला नसता.

"मला कमी फ्रेटवाली दे," चाचा म्हणाले.

कमी फ्रेटवाली निघाली साध्या लाकडी रंगाची, दोन्ही खांदे शाबूत, तारा नायलॉनच्या. सोनाली खूश झाली. "नवीन शिकणाऱ्यासाठी हीच बरी. नायलॉन बोटांना मऊ लागतं."

चाचांनी बारकी तार चिमटीत धरली. "ही तार हाय? ही तर गळाची दोरी. सावित्रीत मासा धरायची."

पण चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. चुकीच्या वाटेने का होईना, आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी योग्य वस्तू निवडली होती. ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून जास्तच मजा.

तेवढ्यात सोनालीने विचारलं, "त्या डावखुऱ्या नाहीत ना?"

"नाय नाय. उजव्या हातानं जेवते."

"जेवतात सगळेच उजव्या हाताने, काका. बाकीची कामं?"

चाचांनी स्वतःचेच दोन्ही हात पुढे धरून बघितले. अख्खा संसार बरोबर केलेली बाई. हजारो भाकऱ्या, हजारो चहा. आणि भाकरी तर दोन्ही हातांनी थापतात.

"मास्तर," दुकानाबाहेर येऊन ते म्हणाले, "मी बघायला लागलो तर तिला संशय येईल. मी कधी तिच्याकडे इतका वेळ बघत नाय. तू बघ."

विपुल दुपारभर चाचींच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून राहिला. वर्तमानपत्र उघडून. चाचींनी विळीवर कांदा कापला, दोन्ही हातांनी. नारळ खोवला, दोन्ही हातांनी. डाळ ढवळली, उजव्या हाताने. दोन घटकांनी तीच डाव्याने. विपुल बेजार झाला. चाचींनी विचारलं, "पेपरात आज काय विशेष हाय काय रे? कधीचं एकच पान वाचतोस."

मग मांजर आलं. ओट्यावर बांगडे धुऊन ठेवले होते. मांजराने उडी घेतली आणि चाचींनी पायातली चप्पल काढून फेकली. डाव्या हाताने. नेम असा, की मांजराची शेपूट दारातून जाता जाता सपाट झाली.

विपुल धावत टेम्पोपाशी गेला. "डावऱ्या आहेत!"

"मला वाटलंच," नझीरचाचा म्हणाले.

पुन्हा दुकान. सोनालीने सांगितलं, डावखुऱ्या माणसासाठी तारा उलट्या क्रमाने लावाव्या लागतात, वरची खाचांची पट्टीही फिरवून बसवावी लागते. ती करून देईल. "पण काका, एकदा उलटी बसवली की परत घेणार नाही."

चाचांचे डोळे चमकले. "काय बोललीस?"

"परत नाही घेणार."

"मंग लगेच उलटी कर. बघतेस काय!"

पट्टी तिने बसवली. तारा लावू लागली तेव्हा चाचांनी हात आडवा धरला. नायलॉनची तार खालच्या लाकडाला गाठ मारून बांधतात, हे त्यांनी बघितलं होतं.

"बांधायचं काम माझं."

"काका, त्याची एक पद्धत असते."

"माझीपण हाय."

सोनालीने विपुलकडे बघितलं. विपुलने मान हलवली. तिने सहा तारा कागदाच्या पाकिटात घालून दिल्या आणि गाठ कशी मारायची ते दाखवलं. चाचांनी बघितल्यासारखं केलं.

घरी गिटार पलंगावर ठेवली गेली. चाची पदराला हात पुसत आल्या. बघितलं. हसल्या.

"पिशवी फाडली नाय ना?"

"पिशवी हाय," चाचा म्हणाले. "पण उलटी केलेली परत घेत नाय."

"उलटी कशाला केलीत?"

"तू डावरी ना."

चाची खाली बसल्या. लहानपणी डाव्या हाताने घास उचलला की आई त्या हातावर चापट मारायची, असं काहीतरी त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुमाला कसं कळलं?"

"म्हंजे काय? इतकी वर्षं बघतोय."

विपुलच्या नाकात चहा गेला. त्याला ठसका लागला. चाचांनी त्याच्या पाठीवर गरजेपेक्षा जास्त जोरात थापटलं.

गिटार ठेवायची की नाही, हे चाचींनी सांगितलं नाही. पिशवी मात्र घडी करून कपाटात ठेवली. चाचांनी ते बघितलं आणि त्यांचा जीव वरखाली होत राहिला. तारा लागल्या, तिने एकदा वाजवली, की प्रश्न मिटला, असं त्यांनी विपुलला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर बसले, गिटार मांडीवर आडवी घेऊन, पोत्यासारखी. आधी जाड तारा घेतल्या.

"जड माल आधी," ते म्हणाले.

एक बांधली. दुसरी. तिसरी. सोनालीची पद्धत नव्हती ती. घाटाची गाठ होती. चाची आतून बघत होत्या. चाचांना ते माहीत होतं, म्हणून दातांनी टोक ओढताना ते जरा जास्तच तोंड वेडंवाकडं करत होते.

फोन वाजला. ते उठले आणि चालत नाक्यापर्यंत गेले. म्हणजे मॅनेजर. परत आले ते चप्पल घालूनच.

"महाबळेश्वरचा माल हाय. आल्यावर बांधतो राहिलेल्या." पाकीट त्यांनी गिटारीच्या पोटातल्या भोकात टाकलं. "हात लावू नको गो. तू सुरी घेशील."

दारात एक हॉर्न. गल्लीच्या टोकाला दुसरा.

पोलादपूरला घाट लागण्याआधी ते नेहमीच्या हॉटेलात थांबले. चहा बशीत ओतला. बशी संपवली. मग टेबलावर डोकं ठेवलं. हॉटेलवाल्याला वाटलं, डुलकी लागली. कपात घोटभर चहा उरला होता, असं तो नंतर प्रत्येकाला सांगत होता. त्यात विशेष काही नव्हतं. तो नेहमीच उरायचा.

विपुलला फोन आला तेव्हा तो वर्गात होता. त्याने उरलेला तास पूर्ण शिकवला. काय शिकवलं ते त्याला कधीच आठवलं नाही. माल दुसऱ्या ड्रायव्हरने वर नेला. तिथे दोरी सोडवायला त्याला कोयता मागावा लागला, असं त्याने मय्यतीला आल्यावर सांगितलं. सांगताना त्याला रडू आलं, आणि ऐकणाऱ्या दोघातिघांना हसू.

मग चाचींची इद्दत, नवरा गेल्यावर पाळायचे चार महिने दहा दिवस. तेवढे दिवस त्या घराबाहेर पडणार नव्हत्या, बाहेरच्या पुरुषासमोर येणार नव्हत्या. विपुल मागच्या दारात भाजी ठेवून "चाची, ठेवली हो" म्हणून परत येई. आतून "बरं" एवढंच येई. गिटारीबद्दल विचारायचं त्याला धाडस झालं नाही. संध्याकाळी कान देऊन बसे. काही ऐकू येत नसे. उलटी केलेलीही चाची कोणाला देऊन टाकू शकत होत्या. घड्याळासारखी. कुवेतचं ते घड्याळ नणंदेच्या हातावर अजून चालत होतं.

इद्दत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी चाचींनी हाक मारली. "मास्तर, चल. बाजारात जायचंय."

त्यांच्या हातात दुकानाची पिशवी होती. घडीच्या खुणा अजून तशाच असलेली. पिशवीत गिटार.

विपुलने पायात चप्पल सरकवली. इतक्या महिन्यांनी बाई पहिल्यांदा घराबाहेर पडते आणि कुठे जाते, तर वस्तू परत करायला. त्याला चाचांचा चेहरा आठवला. नाक्यापासून परत येतानाचा. गल्लीच्या टोकाला आल्यावर त्याचे पाय आपोआप थांबले. चाचीही थांबल्या. मग दोघं पुढे निघाले.

सोनालीने गिटार पिशवीतून काढली. तीन जाड तारा, खाली तीन धिप्पाड गाठी. ती बराच वेळ त्या गाठींकडे बघत राहिली.

"चाची, बाबांना सांगते मी. परत नाही म्हटलं होतं, पण—"

"परत कोणाला करायची हाय?" चाची म्हणाल्या. "तीन तारांवर काय वाजतं, ते शिकव."

सोनाली हसली. डोळे पुसले. "तीनवर थोडंच येईल. उरलेल्या तीन लावून देते ना. आत्ता होईल." तिने पोटातल्या भोकातून पाकीट काढलं.

चाचींनी तिच्या हातातून ते घेतलं आणि परत आत टाकलं. डाव्या हाताने.

"ते त्यांचं काम हाय. आल्यावर बांधतो बोललेत."

गल्ल्यावरचे दत्तारामही डुलकीतून जागे झाले होते.

"आन तू रे," चाची विपुलकडे न बघता म्हणाल्या, गिटार मांडीवर उलटी घेत, "त्या दिवशी पेपर उलटा धरला होतास. मांजराकडे नाय, माझ्या हाताकडे बघत होतास. मला काय कळत नाय? आन हे म्हणे, इतकी वर्षं बघतोय!"

मग त्यांनी भाकऱ्या थापणाऱ्या बोटांनी सगळ्यात जाड तार छेडली. आवाज खोल आला, बराच वेळ राहिला. गाठ हलली नाही.

बारक्या तीन तारा गिटारीच्या पोटात पाकिटात आहेत. चाची वाजवतात तेव्हा आत पाकीट खडखडतं.